सौभद्र: पन्नास वर्षं ऐकलं, परवा नानाबरोबर पाहिलं

पांझराकाठचा

गेल्या शनिवारी जळगावला 'संगीत सौभद्र' पाहून आलो. पुण्याकडच्या मंडळींनी नव्या संचात पुन्हा उभं केलेलं. धुळ्याहून जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरला थोडे कमी. घरच्यांचं म्हणणं, सगळी पदं मोबाइलवर आहेत, या थंडीत कशाला मरायला जाता. त्यांना तरी काय बोलणार? मी स्वतः सौभद्र आयुष्यभर तसंच वापरलंय. पदांचा डबा. झाकण उघडायचं, हवं ते पद काढायचं, झाकण लावायचं.

आमच्या वडलांना नाट्यसंगीताचं वेड होतं. रेडिओवर पद लागलं की घरात भांडंसुद्धा वाजवायची सोय नव्हती. त्यामुळे 'राधाधर मधुमिलिंद', 'प्रिये पहा', 'वद जाऊ कुणाला शरण' ही पदं मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. कोणत्या गवयाने कुठे श्वास घेतलाय तेही सांगेन. पण मधलं नाटक? अर्जुन संन्यासी होतो, सुभद्रेशी लग्न होतं, एवढंच.

तिकिटं दोन काढली होती, सौ.चा गुडघा ऐनवेळी दुखायला लागला. तिकीट वाया जायला नको म्हणून नानाला फोन केला.

नाना साक्री तालुक्यातला. एसटीत कंडक्टर होता. माझी बँकेतली बदली पिंपळनेरला झाली तेव्हा रोज त्याच्या गाडीने जाणं-येणं, तिथून मैत्री. त्याला आता तीस वर्षं झाली. नानाने संगीत नाटक कधी पाहिलेलं नाही. त्याचं सगळं शिक्षण तमाशाच्या तंबूत. सारंगखेड्याच्या यात्रेला लोक घोडे बघायला जायचे, हा थेट फड गाठायचा. कुठल्या वर्षी कोणत्या वगाला कोण सोंगाड्या होता, ते त्याला तोंडपाठ.

"गाणी किती शेत?" त्याने गाडीत विचारलं, त्याच्या अहिराणीत.

म्हटलं, मूळ नाटकात साक्या-दिंड्या, म्हणजे छोटी छंदातली पदं, धरून शंभरावर. हे लोक तेवीस-चोवीस घेणार आहेत.

नाना एरंडोलपर्यंत काही बोलला नाही.

पहिली घंटा, दुसरी, तिसरी. नांदी सुरू झाली आणि नाना कानात कुजबुजला, "हाऊ तं गण शे." गण म्हणजे तमाशाच्या सुरुवातीची गणपतीची आळवणी. सूत्रधार-नटीचं बोलणं सुरू झालं तेव्हा त्याने पाय लांब केले. त्याला ओळखीचं घर सापडलं होतं. मी मात्र डोळे मिटून बसलो, नारदाच्या प्रवेशाची वाट पाहत. पद आलं, बरं गायला पोरगा. तानेला किंचित घाई होती, पण आवाज मोकळा. मी मान डोलावतोय तोवर नानाने कोपर मारलं. "डोया उघाड. त्यानं तोंड देख अर्जुननं."

मी डोळे उघडले. लाडकी सुभद्रा दुर्योधनाला देणार ही बातमी नारद अगदी गोड आवाजात देतोय आणि अर्जुनाचा चेहरा पडत चाललाय. खरं सांगतो, त्या पदाच्या पुढेमागे तिथे एक माणूस उद्ध्वस्त होत असतो हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मग घटोत्कच आला आणि झोपलेल्या सुभद्रेला उचलून रानात घेऊन आला. नाना खूश. "पुतन्या व्हनारी काकूले पयाडी लयना!" पुढच्या रांगेतल्या काकू वळून पाहायला लागल्या. मी आपला दुसऱ्या बाजूला बघत बसलो.

खरी मजा कृष्ण-बलरामाच्या प्रवेशात. त्रिदंडी संन्याशाचा वेष घेतलेला अर्जुन द्वारकेत येतो, बलराम त्याच्या भजनी लागतो, घरात ठेवून घेऊन त्याची सेवा सुभद्रेला सांगतो. कृष्णाला सगळं माहीत. सगळा बेतच त्याचा. आणि तोच थोरल्या भावाला सांगतो की बुवा तरुण आहे, घरात लग्नाची बहीण आहे, जरा विचार करा. झालं, बलराम हट्टाला पेटतो. नाना एवढा हसला की त्याला ठसका लागला. "हाऊ किसन तं गावना पुढारी शे! त्याले सगळं ठाऊक शे, आन् वरथीन भोया बनस." आजूबाजूचे चार लोक आता नाटकाऐवजी नानावर हसत होते, आणि याला का आणलं असं मला एकदाही वाटलं नाही.

याच प्रवेशात बलरामाचा कॉलर माइक गेला. हॉल कोणता ते विचारू नका, लिहिणार नाही. आधीपासून खरखर चालूच होती, मग एकदम सामसूम. त्या नटाने क्षणभर थांबून छाती भरली आणि उरलेला प्रवेश साध्या आवाजात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवला. ती पाच मिनिटं सगळ्या प्रयोगात सगळ्यात चांगली ऐकू आली.

मध्यंतरात चहा पिताना नानाची तक्रार: "गानं भारी शे, पन गोठ थांबी जास ना." गोठ म्हणजे गोष्ट. प्रत्येक पदाला वन्स मोअर घेणाऱ्यांवर तो वैतागला होता. 'प्रिये पहा'ला तर तीनदा झाला. तो म्हणाला, कृष्ण बायकोला सांगतोय रात्र सरली, उजाडलं, आणि लोक त्याला तेच तेच परत सांगायला लावताहेत. कसं उजाडणार मग? मी वन्स मोअर देणाऱ्यांतला होतो. गप्प बसलो.

मध्यंतरानंतर 'वद जाऊ कुणाला शरण' आलं. सुभद्रेचं काम करणारी मुलगी पंचविशीची असेल. तिने ते पद फार सजवलं नाही, मुक्कामाच्या जागा साध्याच ठेवल्या. आधी मला ते कमी वाटलं. मग पाहिलं तर नाना पुढे वाकून बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर. टाळ्या झाल्या, तो हलला नाही.

परतताना पारोळ्याला चहाला थांबलो. रात्रीचा एक वाजून गेला होता. नाना कप हातात धरून बराच वेळ बसला. मग म्हणाला, "मनी बहीनले बी कोनी इचारं नव्हतं."

मी तीस वर्षं याच्या गाडीने आणि घरी गेलोय. बहीण आहे हे माहीत होतं. बाकी काही माहीत नव्हतं. त्याने जे सांगितलं ते इथे लिहिण्याचं नाही. पण घरी येऊन तेच पद जुन्या आवाजात लावलं. अंतऱ्यात ती मैत्रिणीला सांगते की सगळ्या आप्तांना, भावाबंधूंना सांगून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. शब्द पन्नास वर्षं पाठ आहेत. ती भावांबद्दल बोलतेय, हे परवा कळलं.

तुमच्यापैकी कोणी हा प्रयोग पाहिला का? आणि काटछाट केलेल्या सौभद्राबद्दल काय मत आहे?

---

केळीबागवाला (रावेर)

पहिला! छान लिहिलंय. नानांना नमस्कार सांगा. जळगावात शेवभाजी कुठे खाल्ली ते राहिलं.

---

पांझराकाठचा

नाटकाआधी नानाच्या नातेवाइकांकडे भरीत आणि कळण्याची भाकरी झाली. शेवभाजीला पोटात जागाच नव्हती.

---

षड्ज

लेख भावनिक आहे, मान्य. पण मुद्द्याचं बोलू. शंभरावर पदांचं नाटक, त्यातली तेवीस गायची आणि वर जाहिरातीत 'संगीत सौभद्र' असं ठळक छापायचं? मग 'सौभद्रातील निवडक पदे' असा कार्यक्रम करा, तेवढेच पैसे वाचतील. छोटा गंधर्वांचा कृष्ण ज्यांनी ऐकलाय त्यांना विचारा 'नच सुंदरी करू कोपा' कसं फुलत जायचं. तुमच्या नानांना गोष्ट पुढे जायला हवी असेल तर गद्य नाटकं पुष्कळ आहेत. संगीत नाटकात गाणं थांबवत नाही, गाण्यासाठीच सगळं थांबतं.

---

तिसरी घंटा

षड्ज, थोडं थांबा. तुम्ही म्हणताय ती गाण्यासाठी नाटक थांबायची रीत पुढची, बालगंधर्वांच्या काळात बहरलेली. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 1882 चं सौभद्र तसं नव्हतं. शंभरावर पदं होती कारण ती लहान होती. साकी, दिंडी, कामदा यांत पात्रं चक्क बोलायची. दोन ओळींत एक बातमी सांगून मोकळी. पुढे मोजकी पदं उचलून ती रागदारीत अर्धा-अर्धा तास रंगवायला सुरुवात झाली, तेव्हा बाकीची आपोआप गळली. म्हणजे काटछाट काही आजच्या लोकांनी सुरू केलेली नाही. तुमच्या लाडक्या काळातच ती झाली होती.

आणि नाना 'हाऊ तं गण शे' म्हणाले त्यात चूक काय? अण्णासाहेब मूळचे गुर्लहोसूरचे, कानडी मुलखातले. कानडी चाली, कीर्तनातल्या चाली, लावणीच्या चाली, सगळं त्यांनी घेतलं. पारशी कंपनीचा 'इंद्रसभा' पाहून 'आपल्यात असं का नाही' म्हणून 1880 ला शाकुंतल केलं. ज्या माणसाने चारी दिशांनी माल आणला, त्याच्या नाटकात तमाशाच्या माणसाला घर सापडलं तर नवल नाही.

गोष्टीतही त्यांनी मोठी गंमत केली आहे. महाभारतात कृष्णाच्या सल्ल्याने अर्जुन सुभद्रेचं सरळ हरण करतो, रथात घालून. यादव खवळतात, कृष्ण समजूत घालतो. अण्णासाहेबांनी तो रथ काढून टाकला आणि सगळी भानगड घराच्या चार भिंतींत आणली. दोन भाऊ, एक बहीण, एक पाहुणा बुवा. म्हणून ते आजही घरातलं वाटतं.

---

षड्ज

साकी-दिंडीचा मुद्दा मान्य. पण मग त्या लहान साक्या-दिंड्या ठेवा ना, लोकप्रिय तेवढीच का ठेवता? यांनी नेमकं उलट केलंय. जी पदं गोष्ट पुढे नेतात ती कापली, जी थांबवतात ती ठेवली. म्हणजे नानांची आणि माझी तक्रार एकच निघाली की!

---

पांझराकाठचा

षड्ज, हे नानाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, "त्या भाऊले चहा पाज."

---

पायपेटी

मी ऑर्गन वाजवतो (हौशी, नाशिक). धागाकर्त्यांना विचारायचं होतं, साथीला ऑर्गन होता की कीबोर्ड? अनेक नव्या संचांत कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावतात. लांबून फरक कळत नाही असं म्हणतात, मला पहिल्या सुरात कळतो.

कारण सांगतो. हार्मोनियममध्ये भात्याची हवा आतून बाहेर ढकलली जाते. ऑर्गनमध्ये उलट, हवा पट्ट्यांतून आत ओढली जाते. त्यामुळे सुराला टोक नसतं, तो गोल येतो. भाता पायाने चालतो, म्हणून दोन्ही हात मोकळे. डावा हात खर्जात सूर धरून ठेवतो, उजवा गायकाच्या मागे चालतो. गायक श्वास घ्यायला थांबला की ती जागा ऑर्गन भरून काढतो, प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही. बालगंधर्वांच्या गंधर्व कंपनीत तबल्याला तिरखवाँसाहेब आणि सारंगीला कादरबक्ष असताना ही साथ कशी जमत असेल याचा विचार करून मी अजून झोप घालवतो. परदेशातून येणारे ऑर्गन कधीच बंद झाले. जुने दुरुस्त करून वापरायचे, नाहीतर कोकणात आता नव्याने बनतात ते घ्यायचे. वजन विचारू नका. दौऱ्यावर न्यायचा तर चार माणसं आणि एक टेम्पो. म्हणून कीबोर्डवाल्यांना मी शिव्या देत नाही.

---

पांझराकाठचा

खरा ऑर्गन होता. मध्यंतरात नाना जाऊन वादकाचे पाय बघून आला. म्हणाला, एवढे पेडल मारून हा माणूस साक्रीला पोचला असता.

---

पायपेटी

😂 आजवर मला मिळालेली सगळ्यात अचूक दाद.

---

बाजारपेठ_जळगाव

मीही त्याच प्रयोगाला होते, बाल्कनीत. वर बसलेल्यांना ती खरखर दुप्पट ऐकू येत होती, पण जाऊ दे.

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. बालगंधर्व लहानपणी काही काळ जळगावात होते. गाण्याचे सुरुवातीचे धडे त्यांनी इथेच मेहबूबखाँकडे घेतले. गावात त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. आम्ही शाळेत असताना तिथे स्नेहसंमेलनं व्हायची आणि हे बालगंधर्व कोण ते कोणी धड सांगायचं नाही. पुण्यातलं काहीतरी असेल म्हणून आम्ही सोडून द्यायचो. संगीत नाटक आपल्याकडे 'बाहेरून येतं' असं आपण धरून चालतो, तेव्हा हे आठवावं.

आणि सुभद्रेचं म्हणाल तर, पहिली सुभद्रा भाऊराव कोल्हटकर. पुरुष. लोक त्यांच्या आवाजासाठी वेडे व्हायचे. 'मला कोणी विचारलं नाही' हे एका मुलीचं म्हणणं तेव्हा लिहिलं पुरुषाने आणि गायलंही पुरुषाने. परवा पहिल्यांदा मी ते एका मुलीच्या तोंडून समोर ऐकलं. तिने ते साधं ठेवलं याचं तुम्हाला आधी कमी वाटलं, मला नाही वाटलं.

---

पांझराकाठचा

ताई, तुमचं बरोबर आहे. माझ्या कानाला सवय तानेची.

---

इंजिनिअर_भुसावळ

प्रामाणिक प्रतिसाद: मी 27 वर्षांचा. होणाऱ्या बायकोला घेऊन गेलो होतो, इम्प्रेशन मारायला. पहिला अर्धा तास दोघांनाही अर्धे शब्द कळले नाहीत. एका पदाला ती हळूच म्हणाली, "हे मराठीच आहे ना?" पण संन्याशाच्या भानगडीपासून दोघंही अडकलो. तिला कृष्णाचं काम आवडलं, मला बलरामाचं. घरी जाताना तिने विचारलं, तुझ्या घरी लग्नाचे निर्णय कोण घेतं? त्यानंतर चाळीस मिनिटं जे बोलणं झालं ते मी इथे लिहिणार नाही. 😅 नाटकाने इम्प्रेशन पडलं की उतरलं, अजून कळलं नाहीये.

एक सूचना: तिकिटाबरोबर पदांची छोटी पुस्तिका द्या. शब्द समोर असले तर आम्हीही सोबत चालू.

---

तिसरी घंटा

पूर्वी नाटकगृहाबाहेर पदांची पुस्तकं विकायला असायची. तुमची सूचना जुनीच आहे, पुन्हा सुरू करायला हरकत नाही.

---

केळीबागवाला (रावेर)

एक शंका. सौभद्र म्हणजे सुभद्रेचा मुलगा ना? म्हणजे अभिमन्यू. तो तर नाटकात येतच नाही!

---

षड्ज

अहो, आधी आईबापांचं लग्न तर होऊ द्या.

---

अहिराणीना_आवाज

भलतं भारी लिखेल शे भाऊ. नानानं बोलनं वाची आम्हना घरमा समदा हासनात. आमना धुयाले कव्हय येवाव शे हाई नाटक? जयगावलेच काब्रं जावानं?

आणि मराठीत एक विचारतो: नानांनी पाहिलेल्या वगांबद्दल त्यांच्याकडून ऐकून कोणी लिहून ठेवेल का? सौभद्राचं सगळं छापलेलं आहे. सारंगखेड्याच्या फडातलं काही छापलेलं नाही, ते नानांबरोबर आहे.

---

पांझराकाठचा

हे डोक्यात आलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात पिंपळनेरला जातोय, मोबाइलवर रेकॉर्ड करतो. नाना लाजणार, पण एकदा वग सुरू झाला की थांबणार नाही.

धुळ्याच्या प्रयोगाचं: आज चौकशी केली. त्या मंडळींना पुढच्या महिन्यात दौऱ्यात इकडे एक तारीख टाकता येईल, पण आधी ठरावीक तिकिटं जायला हवीत. ज्यांना यायचंय त्यांनी इथेच आकडा लिहा. माझी चार धरा. मी, सौ. (गुडघा बरा असेल तर), नाना, आणि नानाची बहीण. तिला नाना काल स्वतः जाऊन विचारून आला. ती म्हणाली, येते, पण वन्स मोअरवाल्यांच्या शेजारी बसणार नाही. तर मला दुसऱ्या रांगेतलं तिकीट लागेल, त्या तिघांपासून लांब.

---

इंजिनिअर_भुसावळ

2. (बोलणं झालं. येतोय दोघं.)

---

षड्ज

1. आणि वन्स मोअर देणार, आधीच सांगून ठेवतो.